डाव्या पानावरचा बर्फ

तेलगाव, शनि. ९ जाने. १९९९

वही आली. परभणीहून, रजिस्टर पोस्टाने. अप्पांनी आमच्या किराणा दुकानात गुळाच्या हातानेच घेतली, कव्हरला बोटं उठली. पाच दिवस माझ्याकडे. १४ ला संक्रांत, पोस्ट बंद असेल. म्हणजे १३ लाच लातूरला रवाना.

पहिल्या पानावर लातूरच्या शिंदे सरांनी चिकटवलेले नियम पाठ आहेत, तरी पुन्हा वाचले. वही चौघांत फिरते: लातूर, नांदेड, परभणी, तेलगाव. चौघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. विषय कॉम्प्युटर, इंटरनेट, विज्ञानकथा. डाव्या पानावर पाहिलेलं, केलेलं आणि मतं. उजव्या पानावर कल्पना, गोष्टी. दुसऱ्याचं खोडायचं नाही.

डाव्या-उजव्याचा नियम फारूकभाईंमुळे झाला. पहिल्या वहीत सरांनी मराठी बोलणाऱ्या कॉम्प्युटरची गोष्ट लिहिली होती. फारूकभाईंचं नांदेडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. गोष्ट खरी समजून ते हा कॉम्प्युटर बघायला थेट हैदराबादला जाऊन आले. परत आल्यावर वहीत लिहिलं: "सर, तिकिटाचं ऱ्हाऊ द्या, पण दुकानदार हसला त्याचं काय?"

अजून उघडली नाही. गेल्या फेरीतलं माझं पान तीत आहे.

रवि. १० जाने.

वाचली. दुपारी, माडीवर बसून.

सर: सन २००० उजाडलं की कॉम्प्युटरला वाटेल १९०० आलं, बँका थांबतील, विमानं थांबतील. फारूकभाई त्याखाली हिरव्या शाईने: "आमच्या नांदेडात लाईट रोज थांबते, त्याच्यावर कुणी परिसंवाद घेत न्हाई."

मग त्यांचं भांडण इंटरनेटवरच्या हसऱ्या तोंडावरून. लोक म्हणे विरामचिन्हं आडवी मांडून तोंड काढतात. सरांचं मत: मान वाकडी केल्याशिवाय जे हसू कळत नाही ते न हसलेलं बरं. पुढे लिहितात, तिथे माणसं खोटी नावं घेऊन गप्पा मारतात. "ज्याला स्वतःचे नाव सांगवत नाही, त्याचे मत आपण का ऐकावे?"

हे वाचताना कान तापले. मी नाव खरं दिलंय. बाकीचं…

माझ्या पानाखाली फारूकभाई: "इंटरनेटची लाईन लागताना विहिरीत बादली सोडल्यासारखा आवाज? मी ऐकला तो कोंबडी धरल्यासारखा होता. मशीन मशीनचा फरक असंल. पान मात्र लई भारी." त्यांना कळलंय. त्यांनी मला सोडून दिलं.

आणि मग परभणीच्या वसुधाचं पान. आख्खं माझ्यासाठी.

"उमा, तुझ्या पानाने काम केलं. बाबा मला पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवायला तयार नव्हते. वही माझ्याआधी तेच वाचतात, तुला माहीत आहे. तुझं पान त्यांनी तीनदा वाचलं. म्हणाले, खेड्यातली पोरगी माजलगावला जाऊन इंटरनेटवर बसते, परदेशातल्या मास्तरीणबाईशी बोलते, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी करते, तर तू का न जावंस. एप्रिलमध्ये प्रवेश आहे. बाबा हो म्हणाले!"

शेवटी एक आडवं हसरं तोंड काढलंय. सरांना चिडवायला.

मी माजलगावला क्लासला जाते हे खरं. तिथे तीन कॉम्प्युटर आहेत हे खरं. फोन नाही. इंटरनेट मी आजवर पाहिलेलं नाही.

सोम. ११ जाने.

कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवते.

नोव्हेंबरात वहीचा शेवटचा दिवस होता. सबंध फेरी मनात एक गोष्ट घोळत होती: एक मुलगी लाईन लावते, दूर कुठल्यातरी थंड देशातली एक शाळेतली बाई तिला विचारते, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? मुलगी लिहिते, उसाची गाडी चाललीय, बैलाच्या शिंगाला लाल रिबन आहे. बाई लिहिते, इथे बर्फ पडतोय. मग दोघी काहीच लिहीत नाहीत. लाईन चालू आहे हे दोघींना माहीत असतं, एवढंच.

उजव्या पानावर फारूकभाईंनी ट्रान्झिस्टरची आकृती चिकटवलेली. पान मोकळं उरलं ते डावं. त्यावर लिहिलं. 'मी' घालून लिहिलं, कारण 'ती' लिहिलं की वाक्य लांब पळत होतं. वर लाल पेनने 'कल्पना' असं लिहिणार होते. लाल पेन खाली दुकानात. पोस्टाची वेळ होत आली होती. पाकीट चिकटवलं.

विसरले? की स्वतःला विसरू दिलं? दोन महिने हाच प्रश्न. उत्तर रोज वेगळं येतं.

मंगळ. १२ जाने.

दुरुस्ती लिहायला बसले. चार ओळी कच्च्या कागदावर. मग लक्षात आलं, ही वही लातूर, नांदेड करून परभणीला पोचणार, आणि पहिल्यांदा वसुधाचे बाबाच वाचणार. माझा जीव हलका होईल आणि तिचं पुणं जाईल.

न लिहावं तर ती खोट्यावर चढून पुण्याला जाणार. तिथे बसली की पहिल्या दिवशीच तिला कळणार.

कच्चा कागद चुलीत टाकला. मग पश्चात्ताप.

बुध. १३ जाने.

वही रवाना केली. दुरुस्ती केली नाही.

उजव्या पानावर फक्त एवढं लिहिलं: विज्ञानकथेतलं यान नेहमी मोठ्या शहरात का उतरतं? परभणीच्या स्टेशनवर उतरलं तर वसुधा पहिला प्रश्न काय विचारेल? आणि यानातल्या लोकांत बायका असतात की नाही, की तिथेही शास्त्रज्ञाच्या मुलीने चहाच आणायचा?

लिहिताना हात मोकळा होता. डावीकडे वळला की जड.

बुध. २० जाने.

क्लासला गेले. अर्धा तास लाईट होती. मुळे सर म्हणाले, "फोनचा अर्ज केलाय, नंबर लागंल तवा लागंल. लागला तरी औरंगाबादला ट्रंक कॉल लावावा लागंल, मिनिटाला मीटर पळंल. तुला कुणाला पत्र धाडायचंय?"

"कुणाला न्हाई सर."

कॉम्प्युटरच्या मागे हात घालून पाहिलं. फोनची तार जिथे लागते ती जागा रिकामी, बोटाच्या पेराएवढी. धूळ. येताना एस.टी.त सगळा वेळ त्या रिकाम्या जागेचाच विचार. या बाजूला मी. त्या बाजूला कोण कोण असेल, आत्ता, जागी, बोलायला बसलेली. आणि मध्ये एवढंसं भोक.

रवि. ३१ जाने.

औरंगाबादची रद्दी आली. पुडे बांधायच्या आधी चाळायची मला मुभा आहे. एक कॉम्प्युटरचा इंग्रजी अंक आणि दिवाळी अंकातली अर्धी विज्ञानकथा. अशा किती वाचल्या! निम्म्यांचे शेवट आधीच कुणाच्या शेंगदाण्याबरोबर गेलेले असतात. मग शेवट मीच करते. ती सवयच लागली, आणि सवयीला डावं-उजवं कळत नाही. हे मी माझ्या बाजूने बोलतेय. खोडत नाही, राहू दे.

वसुधाला एकदा विचारायचंय, ती गोष्टीचा शेवट आधी ठरवते का. तिच्याशी बोलावं असं दिवसातून किती वेळा वाटतं. तिचा आवाज कसा आहे हेही मला माहीत नाही. लिहिताना तिचा र मोडून पुढच्या अक्षराला टेकतो, तेवढं माहीत आहे.

शनि. १३ फेब्रु.

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

अकराच्या सुमाराला दुकानासमोर एक गृहस्थ. पांढरा पायजमा, टोपी, खांद्याला पिशवी. "उमा कोण?"

अप्पांनी मला आतून बोलावलं.

"मी वसुधाचा बाप. परभणीला कापडाचं दुकान हाय आपलं. उद्या शिवरात्र, परळीला चाललो. वाट जरा वाकडी केली."

अप्पा खूश. खुर्ची दिली, पंखा फिरवला. "येवढं वाकडं कावून आलात? रेल्वेनं शीदा गेला असता."

"पोरीला पुण्याला धाडायचंय. म्हणलं, ते इंटरनेट आधी आपल्या डोळ्यानं बघावं. तुमची उमा बसती म्हणं माजलगावला. चल माय, दाव मला."

अप्पांना यातलं काही माहीत नाही. ते माझ्याकडे अभिमानाने बघत होते. ते बघणं सहन झालं नाही.

"काका, मी कधीच बसले न्हाई. ते पान मी मनानं लिहिलंय. चुकून डाव्या बाजूला…" 'चुकून'वर अडकले. "चुकून की मुद्दाम, मला नीट सांगता येईना."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी सकाळीच माजलगावला उतरलतो. क्लासवाला म्हणला, आमच्याकडं फोनबी न्हाई, इंटरनेट कुठलं आणता. म्हणलं, पोरगी काय सांगती ते तरी ऐकावं."

"मग वसुधाचं?"

"दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला बसवून वाचून दावलं मी ते पान. माझ्या गादीवर बसवून, चहा पाजून. बघा, म्हणलं, तेलगावची पोरगी. आता त्यांला काय सांगू?"

आईने चहा आणला. त्यांनी घेतला नाही. "उपास हाय," म्हणाले. उपास उद्याचा होता.

ते गेल्यावर अप्पा: "खोटं बोललीस?"

"लिहिलं."

"येकच हाय. क्लास बंद."

रवि. १४ फेब्रु. महाशिवरात्र

साबुदाणा तसाच ताटात ठेवला.

मोठे काका, अण्णा, दुपारी माझ्या खोलीशी आले. लहानपणी छाती धरायची, म्हणून पाचवीपर्यंत मला घरीच अण्णांनी शिकवलं. बाराखडी, पावकी-निमकीचे पाढे, सगळं त्यांच्या पाटीवर. डोळे असे मिटून ऐकायचे आणि एक कानामात्रा चुकली तरी उघडायचे.

म्हणाले, "इंटरनेट म्हंजे तारंवरची चावडी, व्हय ना? मग चावडीवर येक खोटं बोललं तर येवढं काय."

"तसं नाही अण्णा."

"माहीत हाय तसं न्हाई ते. तुला हसवायला म्हणलो. ते पान पाठ असंल तुला. म्हण."

म्हटलं. सगळं. बैलाच्या शिंगाची लाल रिबन, बर्फ. अण्णांचे डोळे मिटलेले. संपल्यावरही उघडले नाहीत. तसेच म्हणाले, "त्या बाईचं नाव काय ठिवलंस?"

"ठेवलं नाही."

"ठिवायला पायजे होतं." उठले. दारात थांबून: "खोटं ते खोटंच. त्याच्यात सूट न्हाई. पण त्या माणसानं उगं तीनदा वाचलं नसंल."

मंगळ. १६ फेब्रु.

वसुधाला अंतर्देशीय पत्र. तीन वेळा लिहिलं. पहिल्यात माफी फार होती, दुसऱ्यात कारणं. तिसऱ्यात फक्त काय घडलं ते, आणि शेवटी: तुझ्या बाबांनी आता नाही म्हटलं तर ते माझ्यामुळे. तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

शेवटचं वाक्य खरं नाही. समजणार नाही मी. पण पत्र टाकून झालं होतं.

रवि. २८ फेब्रु.

उत्तर नाही. वहीही नाही. ती यायला हवी होती त्याला दोन आठवडे वर झाले. परभणीत अडकलीय.

सरांचं कार्ड आलं, तिघांनाही तेच असणार: वही कुठे आहे? ही फेरी पूर्ण झाली की वही बंद करू. लातुरात आता ई-मेलची सोय झाली आहे, फारूकही लवकरच घेईल. सर्वांनी आपापला पत्ता कळवावा, मग महिना महिना वाट पाहणे नको.

वाट पाहणे नको! सर, मला वाट पाहायला तरी काही आहे ते या वहीमुळेच आहे. तुमचं मत इकडे पोचेपर्यंत शिळं होतं, तुम्ही ते बदललेलंही असतं, आणि मी महिनाभर जुन्या मताशीच भांडत बसते. तरी चालतं मला.

माझा पत्ता: मु. पो. तेलगाव. दुसरा नाही.

सोम. ८ मार्च

स्वप्न. वसुधा पडद्यावर अक्षर अक्षर उमटत होती आणि मी मान वाकडी करून वाचत होते. जाग आली ती मानेच्या कळीने. अण्णांना सांगितलं तर हसले. मीही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

गुरु. १८ मार्च. पाडवा

गुढी उभारली. आईने विचारलं, "कुणाची वाट बघती सारखी? पोस्टमन पाडव्याला येत न्हाई."

उसाचा हंगाम सरत आला. कारखान्याकडे गाड्या आता तुरळक.

सोम. २२ मार्च

वही आली.

पत्ता वसुधाच्या अक्षरात नाही. मोठं, दाबून लिहिलेलं, कापडावर खडूने खूण करावी तसं अक्षर. अर्धा तास पाकीट मांडीवर घेऊन बसले.

वसुधाची पानं कोरी. डावंही, उजवंही. त्यानंतरच्या डाव्या पानावर तिच्या बाबांनी लिहिलंय. मोडी वळणाची मराठी, ओळी एकाखाली एक. इथे उतरवून घेते, कारण वही माझ्याकडे राहणार नाही.

"मी या मंडळात नाही. विचारल्याशिवाय लिहितो, माफी असावी. वही माझ्यापाशी राहिली, तोही गुन्हा माझा. तेलगावच्या मुलीने लिहिले ते खोटे निघाले. मी पोरीला म्हणालो, आता पुणे नाही. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तेलगावचे पत्र आले. तिने ते मला वाचायला दिले. मग मी म्हणालो, चल, आपणच बघू. पुण्याला भाच्याकडे गेलो. एका दुकानात काचेच्या आड बसून इंटरनेट बघितले. अर्धा तास. पडद्यावर नाव मागितले, तर पोरीने माझेच लिहिले. एक चित्र वरून खाली उतरत होते, कापडाचा ताका उलगडावा तसे, पण फार सावकाश. डोंगराचा माथा आला, निम्मा डोंगर आला, आणि लाईन गेली. मी म्हणालो, तेलगावच्या मुलीने लिहिले तसे तर यात काहीच नाही. कोणी बाई नाही, विचारपूस नाही. पोरगी म्हणाली, बाबा, अजून नाही, म्हणून तर यायचंय.

"मी अजून होय म्हटलेले नाही. प्रवेश १५ एप्रिलपर्यंत आहे. लातूर आणि नांदेडचे गृहस्थ शिकलेले आहेत, त्यांचे मत ते लिहितीलच. पण मला तेलगावच्या उमाचे मत पाहिजे. पोरीला पाठवावे की नाही. या खेपेला खरे लिहावे."

त्यांनी सही केलीय. सहीखाली, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलने, र मोडलेला, पुढच्या अक्षराला टेकलेला:

"लवकर लिही."

मंगळ. २३ मार्च

'पाठवा' असं लिहायला दोन सेकंद लागतील. मला तेच व्हायला हवंय. म्हणूनच त्या शब्दावर माझा विश्वास नाही. तिला पाठवावं असं मला का वाटतं? तिच्यासाठी, की तिथे बसून तिने माझ्याशी बोलावं म्हणून? की मी जाऊ शकत नाही, तर माझ्यातलं कुणीतरी जावं म्हणून?

आणि ज्याला मी पाहिलंच नाही त्याच्याबद्दल पुन्हा मत देऊ? त्या गृहस्थांनी पुण्यापर्यंत जाऊन निम्मा डोंगर तरी पाहिला. मी काय पाहिलंय?

अण्णांना विचारलं. "मी सांगणार न्हाई," म्हणाले. "मला विचारलेलं न्हाई त्यांनी."

बुध. २४ मार्च

आज एस.टी.ने बीडहून दुकानाचा माल घेऊन माणूस आला. त्याच्याकडून कळलं, बीडला एकाने एस.टी.डी. बूथमध्ये इंटरनेट ठेवलंय. लाईन लागते की नाही त्याला ठाऊक नाही. "पोरं उभी असत्यात भोवती," एवढंच म्हणाला.

दिवसभर हे वाक्य डोक्यात. पोरं उभी असतात भोवती. त्यात एक पोरगी उभी राहिली तर कशी दिसेल.

गुरु. २५ मार्च

परवा वही पाठवायची आहे. उद्याचा एकच दिवस हातात.

सकाळी अप्पा दुकानात एकटे होते. सुतळीचं बंडल सोडवत होते. मी उंबऱ्याशी उभी राहून म्हणाले, "अप्पा, मला उद्या बीडला जायचंय. इंटरनेट बघायला. अण्णा संगट येतो म्हणलेत."

ते वर न बघता म्हणाले, "त्या परभणीच्या पोरीसाठी?"

"हो," मी म्हणाले आणि आत आले. स्वयंपाकघरापर्यंत आले. तिथे उभी राहिले. मग परत गेले.

"न्हाई अप्पा. तिच्यासाठी न्हाई. मला बघायचंय."

त्यांनी हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, शिवरात्रीपासून पहिल्यांदा असं सरळ. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, एक किलो साखर, पाव चहापत्ती.

सकाळची बीड गाडी सव्वासातला आहे. अण्णांनी धुतलेला सदरा दोरीवरून काढून घेतलाय. आई विचारतेय, दोघांच्या भाकरी बांधू का.

अप्पांनी अजून हो म्हटलेलं नाही; दुकान बंद करून वर आलेले नाहीत.